पाटाचं तोंड

मागच्या वैशाखात जेवायला बसले, सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि उजव्या जबड्याखाली कुणी आतून चिमटा काढावा तशी कळ आली. हात लावून पाहिलं तर सोललेल्या सुपारीएवढी गाठ. पानावरून उठून आरशापुढे जाईपर्यंत ती सालासकट सुपारीएवढी झाली. घाबरून तशीच बसून राहिले. दीडेक तासाने पाहिलं तर गाठ जवळजवळ नाहीशी. रात्री आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि गाठ हजर.

"गालगुंड झालं काय गो तुला या वयात?" ओटीवरून आत्याने विचारलं. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. विचारता विचारता तिने पदराच्या टोकाने उजवा डोळा टिपला. तिच्या त्या डोळ्याला दोन-तीन वर्षं सारखं पाणी येतं. घरी नवीन माणूस आलं की त्याला वाटतं म्हातारी रडतेय, आणि मग तेही उगाच हळू आवाजात बोलायला लागतं.

मी सत्तावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर माणसाचं डोकं काढायचं, त्यात लाळेच्या ग्रंथींच्या तीन जोड्या दाखवायच्या: कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची. ग्रंथी मी गुलाबी खडूने भरायची. तिच्यातून तोंडाकडे जाणारी नळी मात्र साध्या पांढऱ्या खडूने, एका फटकाऱ्यात. तीही वेळ उरला तर. परीक्षेत नळीला गुण नसायचे.

तालुक्याच्या एका दवाखान्यात मला आधी सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, मग शेवटची दाढ काढायचा सल्ला मिळाला. दाढ काढली. दाढ बिचारी निर्दोष होती. गाठ दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळेला बरोबर हजर झाली. मग चिपळूणला गेले. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने एक बोट तोंडात जिभेखाली घातलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली धरली आणि दोन्हींच्या मध्ये लोणी चाचपावं तसं मागून पुढे चाचपत आली. एका जागी थांबली. "बाई, खडा आहे. ग्रंथी चांगली आहे तुमची. लाळ तयार होतेय, पण वाटेत अडतेय." सोनोग्राफीत तो सहा मिलिमीटरचा निघाला. तुरीच्या दाण्याएवढा असेल. मूतखडे, पित्ताचे खडे घराघरात ऐकले होते. थुंकीचाही खडा होतो हे सत्तावीस वर्षं ग्रंथी शिकवून मला ठाऊक नव्हतं.

परत येताना एसटीत आमचं आगर आठवत राहिलं.

गुहागरात आमचं घर खालच्या पाटात. हा पाट म्हणजे वस्तीचं नाव, पाण्याचा नव्हे. समोर रस्ता, मागे आगर, आगराच्या मागे सुरूचं बन आणि मग समुद्र. अशी लांबच लांब चिंचोळी पट्टी. माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. रेडा फिरायचा, लोटे भरून वर यायचे, वर येऊन उलटे व्हायचे आणि पाणी पन्हळीत पडायचं. पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गर कोरून काढलेलं. तिथून डोणीत, डोणीतून पाटात, पाटातून फाट्याफाट्याने एकेका आळ्यात. शिंपणं संध्याकाळी असायचं. बाबा विहिरीपाशी क्वचितच असत. ते शेवटच्या माडाशी उभे असत, आणि तिथे पाणी वेळेत पोचलं नाही की विहिरीकडे न बघता पाटाच्या कडेने वाकून वाकून उलटे चालत येत. कधी पोफळीची विरी आडवी पडलेली असे, कधी खेकड्याने बीळ केलेलं, कधी नुसता पाचोळ्याचा बोळा. एका वर्षी फणसाचं मूळच पाटात घुसलं होतं.

माणसाची लाळेची ग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिची रचना या आगरासारखीच दिसते, फक्त पाणी उलट्या दिशेने चाललेलं असतं. आळ्यांच्या जागी पेशींचे छोटे छोटे द्राक्षासारखे घोस. प्रत्येक घोसाच्या पोटात केसाहून बारीक पोकळी. त्यातून निघालेली नळी शेजारणीला मिळते, त्या दोघी तिसरीला, असं करत करत शेवटी एकच मोठी नळी बाहेर पडते आणि तिचं तोंड कुठेतरी उघडतं. कानापुढच्या ग्रंथीची नळी गालाच्या आतून वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. जीभ फिरवून पाहिलीत तर तिथे एक बारीकसा उंचवटा लागेल. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी साधारण पाच सेंटीमीटर लांब, ती जिभेच्या दोरीशेजारी उघडते. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरं जांभई दिल्यासारखं तोंड उघडून, जीभ वर दाबून, तिथूनच लाळेची चिळकांडी पुढच्या बाकावरच्याच्या मानेवर सोडायची. मी त्यांना वर्गाबाहेर उभं करायची. खरं तर त्यांना पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायला हवं होतं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही चित्रापेक्षा ते स्पष्ट होतं.

लाळेच्या दहा खड्यांतले आठ तरी या जबड्याखालच्याच ग्रंथीत सापडतात. कारण साधं आहे. हिची लाळ जास्त चिकट, तिच्यात चुन्याचा अंश जास्त, आणि ग्रंथी खाली, नळीचं तोंड वर, त्यामुळे लाळेला चढ चढावा लागतो. चढाच्या पाटात गाळ बसणारच. शिवाय ही ग्रंथी रिकामी कधी बसत नाही. जेवणाखेरीजच्या वेळी तोंड जे ओलं राहतं त्यातला मोठा वाटा हिचा. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपण नकळत गिळतो. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "दीड लिटर? म्हणजे तांब्याभर थुंकी? शी!" आणि संध्याकाळपर्यंत तिला जेवण जाईना.

ग्रंथी या शब्दाचा मूळ अर्थच गाठ. ग्रंथ हा त्याच्याच भावकीतला, दोरीने गाठ मारून बांधलेली पानं म्हणून ग्रंथ. त्यामुळे आपल्याकडे अंगावर कुठेही गोळा आला की तो एकाच पोत्यात जातो. पायाला काटा लागून जांघेत अवधान आलं, काखेत काखमांजरी झाली, पापणीला रांजणवाडी आली, गालगुंड झालं, सगळ्या गाठीच. शरीराच्या दृष्टीने मात्र ही चार वेगवेगळी घरं आहेत. अवधान म्हणजे सुजलेली लसिकागाठ. ती काही स्रवत नाही, तिचं काम गाळायचं. रांजणवाडी ही मात्र खरी आपल्या विषयातली. पापणीच्या केसांच्या मुळाशी तेलाच्या इवल्या ग्रंथी असतात, त्यांचं तोंड बुजून आत पू झाला की ती येते. कोकणातल्या पोरांना मे महिन्यात घामोळं येतं तेही तसलंच. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, ओलसर कातडी फुगते, घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होतात आणि घाम कातडीच्या आतच फुटतो. आम्ही चंदन उगाळून लावायचो. पहिला पाऊस अंगावर घेतला की घामोळं जातं असं सगळे सांगतात, आणि हवा गार झाली की ते जातंही.

या नळ्यांचा शोध लागला तो ऐकायला गमतीचा आहे. जबड्याखालच्या नळीचं वर्णन लंडनच्या थॉमस व्हार्टनने 1656 साली केलं. याच व्हार्टनने थायरॉइडला तिचं नाव दिलं आणि वर असंही लिहून ठेवलं की तिच्यामुळे गळ्याला गोलाई येते, बायकांचा गळा सुंदर दिसतो. माझी धाकटी जाऊ रोज सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं इथे ये, दाखवते गोलाई.

चार वर्षांनी, 1660 साली, निकोलस स्टेनो नावाचा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी ॲमस्टरडॅममध्ये शिकायला आला. राहायला एका प्राध्यापकाच्याच घरी, गेरार्ड ब्लासियस त्यांचं नाव. या पोराने बाजारातून मेंढीचं मुंडकं विकत आणलं. बघायचा होता मेंदू, पण त्याआधी सहज म्हणून गालाकडच्या वाहिन्यांत त्याने बारीक सळई सरकवली. सळई सरळ पुढे गेली आणि टक्क करून दातावर आपटली. कानापुढच्या ग्रंथीची नळी तोंडात उघडते हे त्या एका आवाजाने कळलं. प्राध्यापकाला दाखवलं तर त्यांनी आधी म्हटलं, तूच जोर लावून भोक पाडलं असशील. आणि नंतर म्हटलं, हा शोध माझा. भांडण बराच काळ चाललं. आज नळीला नाव स्टेनोचंच आहे.

हा माणूस मला फार आवडायला लागला आहे. पुढच्या एक-दोन वर्षांत त्याने अश्रूंच्या ग्रंथीच्या नळ्याही शोधल्या. तोवर अश्रू मेंदूतून झिरपतात असं मोठमोठे लोक मानत होते. याने दाखवलं की पापणीच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याला एक ग्रंथी आहे आणि तिथून बारीक नळ्यांनी पाणी डोळ्यावर उतरतं. मग 1666 साली इटलीत कोळ्यांनी पकडलेल्या एका अजस्र मुशीचं, म्हणजे शार्कचं, डोकं त्याच्याकडे तपासायला आलं. तिचे दात बघताना त्याला वाटलं, डोंगरात सापडणारे ते जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे हेच तर नाहीत? त्यातून तो खडकांकडे वळला. 1669 साली त्याने लिहिलं की खडक थरावर थर बसून होतात, खालचा थर जुना, वरचा नवा. भूगर्भशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आज त्याचं नाव घेतात. लाळेचा खडा कापला तर तोही थराथराचाच दिसतो, मध्ये एखादा कण, त्याभोवती थर. त्यातला मुख्य माल कॅल्शियम आणि फॉस्फेट, दात ज्याचे बनतात तोच. नळ्या आणि दगड अशा दोन्हींचा अभ्यास केलेल्या स्टेनोला नळीतला दगड दाखवायला हवा होता.

नळी म्हणजे नुसती पोकळ दांडी नाही, हे मला फार उशिरा कळलं. घोसांत तयार होणारी लाळ रक्तातल्या पाण्याइतकीच खारट असते. ती नळीतून चालू लागली की नळीच्या भिंती तिच्यातलं मीठ शोषून परत रक्तात टाकतात. म्हणून तोंडातली लाळ आपल्याला अळणी लागते. घामाच्या नळ्याही हेच करतात, नाहीतर कोकणातल्या उन्हाळ्यात अंगातलं सगळं मीठ बनियनवर उतरलं असतं. घाम सावकाश आला तर मीठ परत घ्यायला नळीला वेळ मिळतो. घाईने आला तर तो खारट येतो. बाबा म्हणायचे, "आधी पाट पितो, मग माड." मातीचा पाट खरंच पाणी पितो. पहिल्या दिवशी तर निम्मं तोच पितो.

मीठ बाहेर टाकायचं काम मात्र काहींना जगण्यासाठी करावंच लागतं. खाडीच्या कडेने तिवरं आहेत. त्यांच्या पानावर सकाळी बारीक पांढरी खर दिसते. ते मीठ. पानाच्या सालीवरच त्याच्या ग्रंथी असतात. सहलीला नेलं की मी पोरांना पान चाटायला लावायची. आणि मग कासवीण. ऑलिव्ह रिडले आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून अंडी घालायला येते. वेळासचं नाव त्यासाठी मोठं झालं, पण गुहागरलाही पुष्कळ घरटी सापडतात. 2023 साली इथूनच दोघींना उपग्रहाचा टॅग लावून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा. अंडी घालताना कासविणीच्या डोळ्यांतून जाड, चिकट पाणी ओघळतं आणि चेहऱ्यावरच्या वाळूत ओली रेघ उमटते. बायका म्हणतात, पोरांना टाकून जायचं म्हणून रडते. ती रडत नसते. समुद्राचं पाणी तिच्या पोटात जातं, ते मीठ बाहेर टाकण्याची ताकद तिच्या मूत्रपिंडात नाही. म्हणून डोळ्याशेजारच्या अश्रुग्रंथीचंच मिठाच्या ग्रंथीत रूपांतर झालंय. तिचं ते पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट असतं. समुद्रात असतानाही ती हेच करत असते, तिथे कुणाला दिसत नाही एवढंच.

मी हे एकदा वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, पण रडतपण असेल ना मधे मधे?" मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

खड्यासाठी चिपळूणच्या डॉक्टरने सांगितलेला उपाय आजीच्या बटव्यातला होता. भरपूर पाणी पी, शेक दे, जबड्याखालून मागून पुढे चोळत जा, आणि दिवसभर तोंडात काहीतरी आंबट धर. आंबटाने लाळ जोरात सुटते, मागून लोंढा आला की खडा पुढे सरकायची शक्यता. नाही सरकला तर नळीचं तोंड जरासं चिरून काढू. फक्त तिथे जिभेची नस नळीला खालून वळसा घालून जाते, म्हणून जपून. त्या नसेचं ऐकल्यावर मी आमसुलाचा डबा उशाशी घेऊन झोपायला लागले. आमसूल, आवळकाठी, लोणच्याची फोड. पाडाचे आंबे उतरायचे दिवस होते. झेल्यात देठासकट आलेला आंबा पोरगं हातात घेऊन देठ मोडतं आणि चीक कसा सणकन उडतो, तो साठलेल्या नळ्यांतला जोर. म्हणून तर जाणता माणूस आंबा देठासकटच उतरवतो. सालीला चीक लागला की काळा डाग, ओठाला लागला की ओठ उतले. ते बघता बघता वाटायचं, माझ्या जबड्यात आत्ता अस्साच जोर कोंडलेला आहे.

आषाढात एका दुपारी, पाऊस कौलांवर सडा टाकल्यासारखा वाजत असताना, मी लिंबाच्या लोणच्याशी मऊभात खात होते. कळ आली. नेहमीपेक्षा मोठी. आणि मग जिभेखाली काहीतरी टोचलं, तिसऱ्यांच्या कालवणात रेतीचा दाणा लागतो तसं. त्यामागून कोमट, घट्ट, खारट पाण्याची धार तोंडभर. इतके दिवस कोंडून राहिलेली लाळ अळणी नव्हती. मी हातावर थुंकले. पिवळट, एका टोकाला निमुळता, खडबडीत खडा. धुऊन होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवला. आत्याने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "एवढ्याशासाठी दाढ गेली?" म्हणाली.

भाद्रपदात तिला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू तर होताच. पण शस्त्रक्रियेआधी डोळ्यातून नाकात जाणारी वाट मोकळी आहे का ते बघतात. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ, वर एक आणि खाली एक अशी टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं असतात. डोळ्यातलं पाणी तिथून आत शिरतं, एका पिशवीत जमतं आणि तिथून नळीने नाकात उतरतं. आपण रडलो की नाक वाहतं ते त्यामुळे. डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशाला लागते तीही त्यामुळे. म्हणजे आत्याच्या डोळ्याला पाणी जास्त येत नसावं, जायचं बंद झालं असावं. बसमध्ये मी तिला हे समजावत होते. ती खिडकीतून खाडी बघत होती.

डॉक्टरने बोथट सुईची पिचकारी डाव्या डोळ्याच्या छिद्रात धरून मिठाचं पाणी सोडलं.

"आजी, घशात पाणी आलं का?"

आत्याने गिळलं. "आलं. खारट आहे."

मग उजवा. पाणी आत गेलं नाही, छिद्रातून उलट बाहेर आलं आणि तिच्या गालावरून हनुवटीवर ओघळलं. डॉक्टरने पुन्हा एकदा पाहिलं. खालची नळी बंद आहे, म्हणाले. उपाय आहे, हाडाला छोटी खिडकी पाडून पिशवीतून नाकात थेट नवी वाट काढता येते. मोतीबिंदूच्या आधी ती करून घेतलेली बरी. मी आत्याकडे पाहिलं.

"नको हो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "फणसाचं मूळ घुसलं होतं तेव्हा पाट वळवून नेलाच ना आपण? पण तेव्हा खणायला तुझा बाप होता."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. तिने तो घेतला नाही. पदराच्या टोकानेच गाल पुसला.